चुन्याची निवळी

"फादर, समुद्राचा एक तुकडा घरात आणून ठेवणे हे पाप आहे काय?"

हा प्रश्न आम्हांला पापनिवेदनाच्या ठिकाणी विचारला गेला नाही. तसा असता तर येथे त्याचा उच्चार करण्याचाही अधिकार आम्हांस नव्हता. तो जेवणे उरकल्यानंतर, वीस-पंचवीस माणसांच्या देखत, टोरांटो शहराजवळच्या एका घरात, २०२४ च्या जानेवारी महिन्यात विचारला गेला. विचारणारा गृहस्थ मूळचा वसईचा. त्याचे लग्न आम्हीच लावले होते. आमच्या येण्याचे निमित्त साधून त्या परिसरातील वसईकर कुटुंबे त्याच्या घरी जमली होती. बाहेर बर्फ, खिडक्या घट्ट लावलेल्या, आत पोरांचा कल्ला आणि इंदेलाचा दरवळ.

दिवाणखान्याच्या भिंतीला लागून सुमारे तीनशे लिटर पाण्याची एक काचपेटी होती. मत्स्यालय म्हटले की गोड्या पाण्यातले सोनेरी मासे आणि बुडबुडे सोडणारा चिनी मातीचा बेडूक एवढेच चित्र आमच्या डोळ्यांपुढे येते. ही पेटी खाऱ्या पाण्याची होती. निळसर उजेडात प्रवाळाचे काही जिवंत झुबके हलत होते, नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन मासे त्यांतून ये-जा करीत होते. पण आमची नजर खिळली ती मागच्या काचेवर. तिच्यावर जांभळी-गुलाबी पुटे चढली होती. आगमनकाळात आम्ही जो जांभळा आणि त्या काळाच्या तिसऱ्या रविवारी जो गुलाबी झगा घालतो, ते दोन्ही रंग तेथे शेजारी शेजारी होते. आम्ही भाबडेपणाने म्हणालो, "मागची काच पुसायची राहिलेली दिसते."

तो हसला. "फादर, हे यावे म्हणून तर मी दोन वर्षे वाट पाहिली."

ते शेवाळ होते. विहिरीच्या पायरीवर पाय घसरवणारे हिरवे शेवाळ नव्हे. याला कोरलाइन म्हणतात. हे लाल शैवालांच्या कुळातले. नखाने खरवडले तर नख झिजते, कारण हे शेवाळ आपल्या पेशींच्या भिंतींतच चुना साठवते आणि जिवंतपणीच दगड होऊन बसते. त्याच्या अंगातले लाल रंगद्रव्य निळा-हिरवा प्रकाश टिपून घेते, आणि समुद्रात खोलवर पोचतो तो तेवढाच. १९८४ साली बहामा बेटांजवळ २६८ मीटर खोलीवर असे शेवाळ जिवंत सापडले. पृष्ठभागावरील उजेडाचा हजारावा हिस्साही तेथे पोचत नाही. माणसाला त्याची ओळख पटायला मात्र फार काळ लागला. सजीवांना नावे देण्याची रीत घालून देणाऱ्या लिनियसने त्याची गणना प्राण्यांच्या बाजूला केली होती. ही वनस्पती आहे हे १८३७ साली फिलिप्पी या जर्मन निसर्गशास्त्रज्ञाने दाखवून दिले.

ओळख पटली तरी मान मिळायला आणखी साठ वर्षे जावी लागली. कंकणद्वीपे कशी बनतात याविषयीचा डार्विनचा सिद्धान्त पारखण्यासाठी लंडनच्या रॉयल सोसायटीने १८९६ ते १८९८ या काळात प्रशांत महासागरातल्या फुनाफुती बेटावर अकराशे फुटांहून अधिक खोल छिद्र पाडले. तेथील भित्ती कोणी बांधली याचा हिशेब संशोधकांनी मांडला, तेव्हा पहिले नाव प्रवाळाचे आले नाही, या शेवाळाचे आले. आमच्या गावच्या गवंड्याच्या भाषेत सांगायचे तर प्रवाळ चिरे रचतो आणि हे शेवाळ दरजा भरते. लाटांचा मार भित्तीच्या ज्या कडेला सर्वांत अधिक, तेथे तेच अंग पसरून असते. शिवाय प्रवाळाची पिल्ले पाण्यात तरंगत घर शोधत असतात, तेव्हा अशा कितीतरी शेवाळांची चाहूल लागली म्हणजे त्या जागी ती स्थिरावतात. भित्तीचे नाव मात्र प्रवाळभित्ती. असो.

आता घरच्या पेटीकडे वळू. या छंदात पडलेल्यांची सुरुवातीची तळमळ ही की दगड जांभळे कधी होतील. आमच्या यजमानाने पहिल्या वर्षी बाटलीतून विकत मिळणारे शेवाळाचे बीज ओतले. पाण्यातले कॅल्शियम लिटरमागे चारशे ते साडेचारशे मिलिग्रॅम असावे, मॅग्नेशियम तेराशेच्या आसपास असावे, क्षारता जर्मन मोजमापाने आठ ते दहा अंश असावी, हे त्याने वाचले होते. रोज संध्याकाळी कामावरून आला की कोट काढण्याआधी तो परीक्षानळ्या काढी. आकडा कमी दिसला की भुकटी घाली, जास्त झाला की पाणी बदली. दिवे वाढवी, पुन्हा कमी करी. दगडांवर आधी तपकिरी साय धरली, मग हिरवे केस उगवले; जांभळा ठिपका एकही नाही. पुढच्या वर्षी वडील आजारी पडले म्हणून तो वसईला आला आणि सात आठवडे, त्यांच्या दफनविधीपर्यंत, येथेच राहिला. मागे पत्नीला एक कागद लिहून दिला होता: रोज एवढे पाणी, एवढी मात्रा, बाकी कशाला हात लावायचा नाही. तिने तेवढेच केले. तो परतला तेव्हा मागच्या काचेवर आणि पंपाच्या टोपणावर टाचणीच्या डोक्याएवढे जांभळे ठिपके उमटले होते.

त्या शेवाळाला बऱ्या पाण्याहून अधिक गरज होती ती स्थिर पाण्याची. येथे प्रवचन करण्याचा मोह होतो. पण आम्ही तो आवरतो, कारण ठिपके दिसले त्या दिवशी गृहस्थाला आनंद झाला नव्हता. "फादर," तो म्हणाला, "बाप गेल्याच्या आठवड्यात ते उगवत होते. मला रडू आले."

एकदा धरले की ते मग कुणाचे ऐकत नाही. समोरच्या काचेवर पसरते आणि आतले दिसेनासे होते. पंपाच्या चक्रात शिरते आणि पंप अडतो, मग तो व्हिनेगरमध्ये भिजत घालावा लागतो. समोरची काच खरवडण्याचे काम यजमानाच्या आईकडे आहे. आम्ही त्यांना मावशी म्हणतो. बँकेच्या मुदत संपलेल्या कार्डाने त्या हे काम करतात. "पोराने दोन वर्षे ज्याची वाट बघितली ते मी दर शनिवारी खरवडते," असे त्या म्हणाल्या तेव्हा सगळे हसले.

या शेवाळाला आणि प्रवाळाला चुना पुरवण्यासाठी वापरायची एक पांढरी भुकटी यजमानाने दाखवली. तिचे द्रावण करायचे, गाळ खाली बसू द्यायचा आणि वरचे नितळ पाणी रात्रभर थेंब थेंब सोडायचे. एकदम ओतले तर चुना साकळून खाली बसतो. डब्यावर जर्मन नाव होते, काल्कवासर. मावशींनी झाकण उघडून पाहिले. "अहो फादर, नाव कसले घेता? चुन्याची निवळी ती! ह्याला लहानपणी पोट दुखले की चमचाभर द्यायचे मी."

आता त्या प्रश्नाकडे येऊ. पेटीतले निम्मे दगड यजमानाने २०१५ साली घेतले होते. ते फिजीहून आलेले होते. अशा दगडांना छंदातले लोक जिवंत दगड म्हणतात. जकार्तातील ली चिन एंग यांनी १९६१ साली एका अमेरिकन मासिकातून आपली पद्धत मांडली: समुद्रातले जिवंत दगड, स्वच्छ खारे पाणी, हवेचे बुडबुडे, आणि विशेष काही नाही. पुढे युरोप-अमेरिकेतल्या घरांत हीच वाट रुळली. परंतु ली यांच्या दाराशी समुद्र होता. इतरांच्या दाराशी तो विमानाने आणावा लागला. भित्तीवरून लोखंडी पहारीने सुटे केलेले दगड ओल्या कागदात गुंडाळून खोक्यांतून निघू लागले. फिजीच्या सरकारने २०१८ च्या सुमारास ही निर्यात रोखली, तेव्हा यजमानाला पहिल्यांदा कळले की आपल्या घरातला दगड हा कुणाच्या तरी भिंतीचा चिरा होता.

उत्तर देण्याआधी आमची स्वतःची एक गोष्ट सांगितली पाहिजे. १९९२ साली, गुरुविद्यालयात शिकत असताना, वेळांकणीच्या यात्रेहून आम्ही काही विद्यार्थी रामेश्वरमला गेलो. तेथे फेरीवाले पांढऱ्याशुभ्र प्रवाळाचे झुबके विकत. आम्ही एक घेतला. आमच्या आईने तो नाताळच्या गोठ्यात डोंगर म्हणून ठेवला आणि पुढची कित्येक वर्षे मेंढपाळ त्याच्या पायथ्याशी उभे राहिले. त्याच्या बुडाला एक फिकट गुलाबी कवच चिकटलेले होते. ती घाण आहे असे समजून आम्ही ती चाकूने तासून काढली होती. त्याच किनाऱ्यालगत, मन्नारच्या आखातात, त्या काळी प्रवाळ खणून चुनाभट्टीत जात असे. भारतात दगडी प्रवाळाला कायद्याने संरक्षण मिळाले ते २००१ साली. तोवर आमचा झुबका पडून फुटला होता आणि आईने त्याचे तुकडे माडाच्या आळ्यात टाकले होते. बुडाचे ते गुलाबी कवच काय होते, हे आम्हांला टोरांटोत, बत्तीस वर्षांनी समजले.

तरीही आम्ही उत्तर दिले ते पुस्तकातले. नीतिशास्त्राच्या तासाला आम्हांला शिकवले होते की कृतीचा विषय, कर्त्याचा हेतू आणि परिस्थिती ही तिन्ही तपासावीत. दुसऱ्याच्या दुष्कृत्यातला आपला सहभाग किती जवळचा आणि किती दूरचा, हे मोजावे. आम्ही म्हणालो, "तुला ठाऊक नव्हते. हेतू वाईट नव्हता. पहार तुझ्या हाती नव्हती. आता ठाऊक झाले आहे, तर पुन्हा घेऊ नकोस. मनाला लावून घेऊ नकोस."

चार जणांनी माना डोलावल्या. मावशी तेवढ्या म्हणाल्या, "पाप नाही तर मग याला झोप का येत नाही?"

त्या रात्री पाहुणे गेल्यावर यजमानाने आम्हांला पेटीच्या बाजूला लावलेले एक यंत्र दाखवले. त्यावर पाण्याचा सामू, म्हणजे पाणी किती आम्ल वा अल्कधर्मी आहे ते सांगणारा आकडा, सतत उमटत असतो. सकाळी तो ८.१ होता. आता तो ७.८ वर उतरला होता. आम्ही विचारले, कुणी काही सांडले काय? तो म्हणाला, "नाही फादर. हा आपला सर्वांचा श्वास आहे." बंद घरात पंचवीस माणसे पाच तास बसली, जेवली, गायली. त्यांच्या उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड खोलीत साचला, पाण्यात विरघळला, आणि पाणी त्या प्रमाणात आम्लाकडे झुकले. हे या छंदातल्यांना सर्वश्रुत आहे; थंडीच्या देशांत दर हिवाळ्यात त्यांच्या पेट्यांचा आकडा असाच खाली येतो. आकडा उतरला की शेवाळाला चुना जमवणे जड जाते. त्याच्या चुन्यात मॅग्नेशियम अधिक असते, आणि असा चुना आम्लाला सहसा प्रवाळाच्या चुन्याच्याही आधी बळी पडतो.

आम्हांला त्या रात्री लवकर झोप आली नाही. दुपारी ज्या काचेकडे आम्ही कौतुकाने पाहिले ती काच आमच्या आणि त्या जिवांच्या मध्ये उभी आहे असे आम्ही धरून चाललो होतो. आत समुद्र, बाहेर आपण. आमचे उत्तरही त्याच समजुतीवर उभे होते: दगड काढले ते दूर, विकले ते दूर, आपण फक्त घेतले. पण आम्ही "मनाला लावून घेऊ नकोस" असे सांगत होतो तेव्हाही आमचा श्वास पेटीत उतरत होता.

हिशेब मोठ्या पाण्यालाही लागू आहे. कारखानदारीच्या आरंभी हवेत दर दहा लाख भागांत सुमारे दोनशे ऐंशी भाग कार्बन डायऑक्साइड होता. आज तो चारशे वीसच्या वर गेला आहे. समुद्राच्या पृष्ठभागाचा सामू तेवढ्या काळात सुमारे ८.२ वरून ८.१ वर आला. दशांशातला फरक क्षुल्लक वाटतो. पण या मोजमापाची रीत अशी आहे की त्याचा अर्थ आम्लता पाव हिश्श्याहून अधिक वाढली असा होतो. त्यात आमच्या मुंबई ते टोरांटो विमानप्रवासाचाही वाटा आहे, तो आम्ही वगळत नाही.

यजमानाने त्यावर काय केले? पहिल्या हिवाळ्यात त्याने खिडकी उघडी ठेवली. घर गारठले, भट्टीचा गॅस अधिक जळू लागला, मुलगी खोकू लागली. मग पाणी स्वच्छ करणारे जे उपकरण हवा ओढून घेते, त्याची नळी त्याने भिंतीतून बाहेर काढली. पेटीला बाहेरची ताजी हवा मिळाली आणि आकडा वर आला. ही युक्ती चांगलीच आहे. पण ती पाहताना आमच्या मनात आले की फुनाफुतीच्या भित्तीला अशी नळी कुठे काढता येणार? तिच्या दृष्टीने बाहेरची हवा म्हणजे हीच हवा.

असे छंद माणसाला समुद्राची माया लावतात, म्हणून ते हितकारकच आहेत, असा युक्तिवाद आम्ही ऐकला आहे. तो आम्हांला अर्धाच पटतो. माया लागते खरी. चुन्याच्या एका अंशासाठी रात्री दोनदा उठणारा माणूस आम्ही स्वतः पाहिला. परंतु त्याची ती सारी माया तीनशे लिटरांत मावत होती, आणि ते तीनशे लिटर सजवण्यासाठी दुसरीकडची भिंत फोडली गेली होती. फिलिपाइन्समध्ये तर घरगुती पेट्यांसाठी मासे पकडताना १९६०च्या दशकापासून सायनाइड वापरले गेले. मासा गुंगून हाती येतो, भोवतीचा प्रवाळ मरतो. तेथील बिशपांनी १९८८ साली आपल्या देशाच्या निसर्गाविषयी जे मेषपालीय पत्र काढले त्यात प्रवाळभित्तींच्या नाशाचा शोक आहे, आणि पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या आपल्या परिपत्रकात त्या पत्राचा आधार घेतला. श्रद्धावंतांच्या देशातच हे घडत होते, हे त्या बिशपांनी लपवले नाही.

दुसरी वाटही आहे, आणि ती सांगितली नाही तर अन्याय होईल. फ्लोरिडाच्या समुद्रातले नैसर्गिक जिवंत दगड काढणे १९९७ पासून बंद झाले. तेव्हा तेथील लोकांनी खाणीतला चुनखडक विकत घेऊन, परवाना मिळालेल्या जागी समुद्राच्या तळाशी टाकण्यास सुरुवात केली. काही वर्षे तो तेथेच राहतो. शेवाळ, शिंपले, स्पंज आपापल्या मर्जीने त्यावर वस्ती करतात. मग तो दगड बाहेर काढून विकतात. मनुष्य दगड ठेवतो आणि थांबतो. एवढ्याने कुणाची भिंत फुटत नाही. या थांबण्याला पैसा लागतो आणि म्हणून तो दगड महाग पडतो, हे गिऱ्हाइकाला मान्य असले पाहिजे.

तर मग पाप की नाही? आमचे पहिले उत्तर खोटे होते असे आम्ही म्हणत नाही. कळल्यावाचून झालेल्या खरेदीचा भार कुणाच्या माथी मारणे न्यायाचे नव्हे. पण ते उत्तर फक्त मागे झालेल्या खरेदीला लागू होते, आणि त्याला झोप न येण्याचे कारण खरेदी नव्हते. तो एका पेटीचे पाणी मोजायला शिकला होता, आणि मोजता मोजता त्याला उमगले होते की दुसरे एक पाणी आहे, त्यालाही आपण बाहेरून स्पर्श करतो आणि तेथे यंत्र लावून बसलेले आपण कुणी नाही. ही अस्वस्थता आम्ही त्याची समजूत घालून घालवू पाहिली, ही आमची चूक झाली. दुसऱ्या दिवशी नाश्त्याच्या वेळी आम्ही त्याला तसे सांगितले. त्याने मान खाली घालून पाव कुस्करला आणि म्हणाला, "मग आता काय करू, फादर?" याचे तयार उत्तर आमच्याकडे नव्हते. पुढे त्याने आपल्यापुरते ठरवले की समुद्रातला दगड पुन्हा घ्यायचा नाही, आणि मावशी खरवडतात ते जांभळे कण व आपल्या पेटीतले लहान खडे नव्याने छंदात पडणाऱ्यांना फुकट द्यायचे, म्हणजे बीजासाठी तरी त्यांना भित्तीतला दगड मागवावा लागणार नाही. भट्टीचे तापमानही त्याने दोन अंशांनी उतरवले आहे. घरात सगळे स्वेटर घालून वावरतात आणि त्यावरून पत्नीशी त्याचे खटके उडतात, असेही त्याने फोनवर सांगितले.

आमच्या निघण्याच्या आदल्या दिवशी मावशींच्या नऊ वर्षांच्या नातीला आम्ही एक गंमत दाखवली. आपल्याकडे शाळेत प्रत्येकाने केलेला प्रयोग आहे तो. तिला ठाऊक नव्हता. डब्यातली निवळी थोडी घेऊन पेल्यात भरपूर पाणी घातले आणि तिच्या हाती शीतपेयाची नळी दिली. "फुंक. ओढायचे नाही हं, फक्त फुंकायचे." मावशी शेजारी पेला धरून बसल्या. तिने फुंकर घातली तसे पाणी धुरकट झाले, मग दुधासारखे पांढरे. चुना दिसू लागला होता. पोरगी टाळ्या पिटू लागली.

आम्ही तेथेच थांबणार होतो, कारण शाळेतला प्रयोग तेथेच संपतो. पण तिला आणखी फुंकायचे होते. ती फुंकत राहिली. दोन मिनिटे, चार मिनिटे, गाल लाल होईपर्यंत. हळूहळू पेल्यातले दूध विरले आणि पाणी पुन्हा नितळ झाले. तिने नळी बाजूला केली आणि पेला उजेडाकडे धरून पाहिला.

"आजी, ते पांढरं कुठे गेलं?"

मावशींनी आमच्याकडे पाहिले.